जुन्या लुगड्यांच्या गोधडीला जमीन कोणती घ्यावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजीची तीन इरकली लुगडी, आजोबांचे चार सुती सदरे आणि आईची एक कलमकारी साडी यांची गोधडी तुम्हाला हाताने शिवायची आहे. नमुना नऊ तुकड्यांच्या चौकोनांचा असून प्रत्येक दोन चौकोनांच्या मध्ये एक साधा चौकोन येणार आहे. पुरी गोधडी ६३ बाय ८१ इंचांची होईल. साध्या भागासाठी तुम्ही साडेचार मीटर पांढरेशुभ्र केंब्रिक, म्हणजे तलम सुती कापड, आणले, त्यावर थोडे तुकडे मांडून पाहिले आणि ते सगळे मळकट, विटके दिसू लागले. आता कापड बदलावे की तुकडेच बाजूला ठेवावेत, असा पेच तुम्हाला पडला आहे.

तुकडे बाजूला ठेवू नका. दोष त्यांच्यात नाही, आणि खरे पाहता केंब्रिकमध्येही नाही. दोघांना शेजारी बसवल्यामुळे असे दिसते आहे. बाजारात मिळणारे शुभ्र कापड केवळ ब्लीच केलेले नसते, तर त्यावर उजळपणा आणणारी रसायने चढवलेली असतात. उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून ही रसायने निळसर प्रकाश बाहेर टाकतात आणि त्यामुळे ते कापड पांढऱ्याहूनही पांढरे भासते. वर्षानुवर्षे धुतले गेलेले आणि ट्रंकेत घड्या घालून ठेवलेले सूत मात्र हळूहळू पिवळसर होत जाते. निळसर पांढऱ्याशेजारी पिवळसर छटा आली की डोळा तिला मळ समजतो. हेच तुकडे धुतलेल्या मांजरपाटावर, म्हणजे ब्लीच न केलेल्या साध्या सुती कापडावर, मांडून पाहा. आमसुली, हिरवा, डाळिंबी असे त्यांचे मूळ रंग पुन्हा जागेवर आलेले दिसतील.

पुढे जाण्याआधी शब्दांचा घोळ मिटवून घेऊ. गोधडीच्या दर्शनी बाजूला ज्या साध्या कापडावर किंवा ज्याच्या मधोमध रंगीत तुकडे दिसतात त्याला मी जमीन म्हणते, जसे आपण साडीबद्दल ‘हिरव्या जमिनीवर पांढरी बुट्टी’ असे म्हणतो. मागच्या बाजूचे अखंड कापड ते अस्तर, आणि या दोहोंमध्ये जुनेराचे, म्हणजे वापरून जुन्या झालेल्या कापडांचे, थर. तुम्ही ज्या परदेशी नमुन्यांचा उल्लेख केला आहे त्यांत जमिनीसाठी वारंवार ‘मस्लिन’ लिहिलेले असते. ते वाचून मलमल आणू नका. अमेरिकेत गोधडी शिवणारे ज्याला मस्लिन म्हणतात ते साधे, बहुधा ब्लीच न केलेले, बऱ्यापैकी अंगाचे, म्हणजे जाडीचे, सुती कापड असते आणि आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जाणारे कापड मांजरपाट आहे. आपली मलमल जमिनीसाठी फार विरळ पडते.

गोधडीला जमीन हवीच असेही नाही. आपल्याकडच्या कित्येक वाकळींत तुकड्याला तुकडा भिडलेला असतो आणि मोकळी जागा मुळी नसतेच. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात तेव्हा त्या अस्तराच्या कडेपासून सुरुवात करून तुकडे एकावर एक चढवत मध्यापर्यंत येतात, आणि तिथे जमीन नावाचा वेगळा विचारच करावा लागत नाही. तुमच्या नमुन्यात मात्र साधे चौकोन आहेत आणि पृष्ठभागाचा जवळजवळ अर्धा भाग त्यांचा आहे. म्हणून ही निवड नीट करायला हवी.

जमीन निवडताना बहुतेक जणी रंगापासून सुरुवात करतात. माझ्या २८ वर्षांच्या अनुभवात मला असे दिसले आहे, की रंग दुसऱ्या क्रमांकावर येतो. पहिला प्रश्न गडद आणि फिके यांचा असतो. लाल आणि हिरवा हे एकमेकांपासून कितीही वेगळे रंग असले, तरी दोन्ही सारख्याच गडद छटांचे असतील तर सहा-सात फुटांवरून त्यांच्यातली सीमारेषा विरून जाते आणि नमुना दिसेनासा होतो. त्यामुळे सगळे तुकडे गडद, मध्यम आणि फिके अशा तीन ढिगांत वेगळे करा. नजर फसते आहे असे वाटले तर तुकडे चादरीवर मांडून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र घ्या. रंग निघून गेला की कोण कुणात मिसळते आहे ते क्षणात कळते.

हे केल्यावर तुमच्या लक्षात एक गोष्ट येईल, आणि माझ्या मते तुमच्या गोधडीचे सगळे उत्तर तिथेच आहे. लुगडी आणि कलमकारी गडद व मध्यम ढिगांत जातील, तर आजोबांचे सदरे, तुम्ही लिहिल्याप्रमाणे फिकट निळ्या रेघांचे, मोतिया आणि राखाडी असल्यामुळे, जवळजवळ सगळेच फिक्या ढिगात जातील. फिकी जमीन घेतली तर सदरे तिच्यात हरवतील, आणि गडद जमीन घेतली तर लुगडी हरवतील. एकच नवे कापड या दोघांनाही उठाव देऊ शकणार नाही. म्हणून सदऱ्यांना रंगीत तुकड्यांत बसवण्याऐवजी जमिनीत घ्या. प्रत्येक नऊ तुकड्यांच्या चौकोनात चार कोपरे आणि मध्य असे पाच तुकडे लुगड्यांचे व साडीचे, आणि उरलेले चार सदऱ्यांचे ठेवा. फक्त मोठे साधे चौकोन नव्या कापडाचे करा. फिक्या रंगांचे पाच-सहा प्रकार एकत्र आले की जमीन सपाट दिसत नाही; जवळ गेल्यावर रेघ दिसते, शिवणीखाली दबलेले काज दिसते, आणि लांबून मात्र सगळे मिळून एकच उजळ जमीन वाटते. आजोबांचे कापड आजीच्या लुगड्यांना चहूबाजूंनी धरून राहील ही गोष्ट मला स्वतःला फार मोलाची वाटते, पण तसे नसते तरी केवळ नजरेच्या हिशेबाने मी हाच सल्ला दिला असता.

मोठ्या चौकोनांसाठी मी मोतिया किंवा अगदी फिकट बदामी रंगाचे केंब्रिक घेईन. ते विकत घेण्यापूर्वी सदऱ्यांचे दोन आणि लुगड्यांचे तीन तुकडे बरोबर न्या आणि ताग्याची घडी उलगडून त्यावर मांडून पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कधीही ठरवू नका, कारण त्या प्रकाशात मोतिया हिरवट दिसू शकतो आणि बदामी गुलाबीकडे झुकू शकतो. तागा दाराशी आणून उजेडात दाखवायला सांगा. रोज कापड विकणाऱ्या माणसाला या विनंतीचे नवल वाटत नाही. तीन छटा समोर असतील तर सदऱ्यांच्या सर्वांत फिक्या तुकड्याहून किंचित गडद असलेली छटा घ्या. जमीन सर्वांत जास्त उजळ असली की डोळा आधी तिच्याकडे जातो, आणि तिथे पाहण्यासारखे काही नसते.

गडद जमिनीचा विचार तुम्ही पूर्णपणे सोडून द्यावा असे मात्र मी म्हणणार नाही, कारण पुढच्या गोधडीसाठी तो उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातल्या आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या जुन्या गोधड्या पाहिल्या तर त्यांत छापील कापड जवळपास नसतेच. गर्द, एकरंगी लोकरी कापडांचे मोठे पट्टे असतात, आणि त्या गर्दपणातून लाल किंवा जांभळा असा तेजाळतो, की तो पांढऱ्यावर कधीच तेजाळला नसता. आपल्याकडे काळ्या चंद्रकळेच्या किंवा निळीत रंगवलेल्या कापडाच्या जमिनीवर पिवळे, केशरी, पोपटी तुकडे असेच दिसतात. फक्त निळीचे कापड बराच काळ घासले की रंग सोडते, आणि गडद जमिनीवर कापसाचे तंतू व धूळ सतत दिसत राहतात, एवढे ध्यानात ठेवावे.

छापील जमीन घ्यावी का, असेही तुम्ही विचारले आहे. बारीक टिपका किंवा मुगाएवढी बुट्टी चालेल, कारण ती लांबून एकरंगी दिसते आणि थोडे वाकडे पडलेले टाके सामावून घेते. मोठी फुले घेऊ नका. तुकड्याची कड कुठे संपते आणि जमिनीचे फूल कुठे सुरू होते हे कळत नाही. रेघा आणि चौकड्या जमिनीच्या मोठ्या चौकोनांत टाळलेल्या बऱ्या, कारण कापताना पाव इंचाचाही तिरकसपणा आला तरी तो प्रत्येक चौकोनात ओरडून दिसतो. धूपछांव कापड, म्हणजे ज्याचा ताणा (उभा धागा) एका रंगाचा आणि बाणा (आडवा धागा) दुसऱ्या रंगाचा असतो ते, जमिनीला सुंदर दिसते. पण त्याचा चौकोन पाव फेरा फिरला की छटा बदलते. तसे कापड घेतलेच तर कापतानाच प्रत्येक चौकोनाच्या मागे उभ्या धाग्याच्या दिशेने पेन्सिलीने बाण काढून ठेवा.

आता अंगाचा विचार, जो रंगाइतकाच महत्त्वाचा आहे आणि ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एका शिवणीवर जाड, दणकट नवे कापड आणि विरलेले जुने कापड एकत्र आले, तर ताण पडेल तेव्हा जुने कापड टाक्यांच्या रेषेवर फाटते. त्यामुळे जमीन तुकड्यांच्या अंगाची किंवा त्याहून थोडी हलकी असावी. कॅनव्हास, जाड चादरीचे कापड आणि टेरीकॉट, म्हणजे पॉलिएस्टरमिश्रित सूत, या तिन्ही गोष्टी बाद समजा. टेरीकॉटची घडी बसत नाही, ते उबेत घाम धरते आणि शेजारचे सूत झिजले तरी स्वतः झिजत नाही. दाट विणीचे पॉपलीन मशीनवर छान चालते, परंतु हाताच्या सुईला ते इतके अडते, की चार थरांतून धावदोरा घालताना दुसऱ्या दिवशी बोटे सुजतात. केंब्रिक विरळ मलमल आणि दाट पॉपलीन या दोहोंच्या मध्ये बसते, आणि म्हणूनच मी तुमच्या कापडाची जात बदलायला सांगत नाही, केवळ त्याची छटा बदलायला सांगते.

हीच कसोटी लुगड्यांनाही लावा. प्रत्येक लुगडे सकाळच्या उजेडात खिडकीसमोर धरा आणि हळूहळू सरकवत पाहा. जिथे कापड जाळीसारखे दिसेल, धागे एकमेकांपासून सुटून उजेड सरळ आत येईल, तिथे खडूने खूण करा. नेसताना ओच्याला, मांडीवर आणि टाचेजवळ कापड आधी विरते, तर पदराजवळचा आणि काठालगतचा भाग पुष्कळदा चांगला टिकलेला असतो. खुणा केलेला भाग दर्शनी तुकड्यांसाठी वापरू नका. तो आतल्या थरात जाऊ द्या. इरकलीचा पदर बहुधा रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा असतो आणि अंग सुताचे, त्यामुळे पदराचे तुकडे निसटतात व कडेने सुटतात. त्यांच्यामागे मलमलचा तेवढाच तुकडा टाचून घेतला, की ते इतर तुकड्यांसारखे वागतात.

नवे कापड आटते. जुने आटून झालेले असते. ही गोष्ट विसरल्याने बिघडलेल्या गोधड्या मी जितक्या पाहिल्या आहेत, तितक्या दुसऱ्या कुठल्याही चुकीने बिघडलेल्या पाहिल्या नाहीत. न धुतलेली जमीन वापरली तर पहिल्या धुण्यातच ती आकसते आणि तिच्या मधले जुने तुकडे फुगून बसतात. ते पुन्हा कधीही सपाट होत नाहीत. नव्या कापडाच्या कोपऱ्यात ५० सेंटिमीटरचा चौकोन पेन्सिलीने आखा, ते गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, खळ पूर्ण निघेपर्यंत चोळा, वाळवा आणि पुन्हा मोजा. बाजू ४८ सेंटिमीटर भरली तर कापड ४ टक्के आटले. मग आणखी एकदा धुऊन मोजा, आणि दोन मोजमापे सारखी येईपर्यंत कात्री हातात घेऊ नका. मांजरपाटाला केंब्रिकपेक्षा जास्त वेळा धुवावे लागते, कारण त्याची खळ सहज सुटत नाही.

फिकी जमीन घेणार असाल तर रंग जाण्याची परीक्षा प्रत्येक गडद कापडाला स्वतंत्रपणे द्या. एका वाटीत गरम पाणी आणि थोडी साबणपूड घ्या, त्यात कापडाचा बोटभर तुकडा आणि जमिनीच्या कापडाचा तेवढाच तुकडा एकत्र अर्धा तास बुडवून ठेवा, आणि नंतर दोन्ही एकमेकांना चिकटवून वाळू द्या. नुसते पाणी रंगले तर घाबरण्याचे कारण नाही. जमिनीचा तुकडा रंगला तर मात्र ते कापड अजून तयार नाही. इरकलीचा लाल पदर आणि छापील कलमकारी यांच्याबाबतीत मी ही परीक्षा कधीही टाळत नाही. मीठ किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो हा समज सर्वत्र आहे, पण तयार कापडातला सुटा रंग त्याने बसत नाही. मीठ रंगाऱ्याला रंगवताना उपयोगी पडते आणि तुरटी वनस्पतीजन्य रंग चढवण्यापूर्वी कापडाला दिली जाते; दोन्ही कामे कापड आपल्या हाती येण्याच्या आधीची आहेत. पाणी स्वच्छ येईपर्यंत वारंवार धुणे, आणि तरीही रंग जात राहिला तर ते कापड गोधडीत न घेणे, एवढेच आपल्या हाती असते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका दुकानातून पक्क्या रंगाचे म्हणून मिळालेले लाल कापड मी परीक्षा न करता मोतिया जमिनीवर शिवले होते. गोधडी धुऊन दांडीवर घातली आणि तासाभराने पाहिले तर प्रत्येक लाल तुकड्याभोवती गुलाबी ओघळ उतरलेले होते. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी गोधडी वाळू देऊ नये. ओली असतानाच ती भरपूर गरम साबणपाण्यात पूर्ण बुडवून कित्येक तास ठेवावी आणि पाणी रंगले की बदलावे. सुटलेला रंग पुष्कळ पाण्यात विरून राहिला तर पुन्हा कापडावर बसत नाही. मी ती वाळू दिली होती, आणि ते ओघळ आजही आहेत.

किती कापड लागेल याचा हिशेब असा. प्रत्येक लहान तुकडा शिवून ३ इंचांचा होणार असेल तर शिवणीचे पाव-पाव इंच धरून तो साडेतीन इंचांचा कापावा, आणि मोठा चौकोन ९ इंचांचा होण्यासाठी साडेनऊ इंचांचा. आडवे ७ आणि उभे ९ असे एकूण ६३ चौकोन होतात. त्यांपैकी ३२ नऊ तुकड्यांचे आणि ३१ साधे. म्हणजे लुगड्यांचे व साडीचे १६० आणि सदऱ्यांचे १२८ लहान तुकडे लागतील. एका सदऱ्याच्या पाठीतून आणि दोन्ही पुढच्या भागांतून ३२ तुकडे सहज निघतात. नव्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच असेल तर काठ सोडून ४२ इंच हाती येतात, त्यात साडेनऊ इंचांचे चार चौकोन बसतात, आणि ३१ चौकोनांसाठी असे आठ पट्टे, म्हणजे ७६ इंच, सुमारे दोन मीटर कापड लागते. आटणे आणि चुका धरून अडीच मीटर घ्या. सदरे जमिनीत न घेता सगळी जमीन नव्या कापडाची केली असती तर तीन मीटर नेमके आणि साडेतीन मीटर सुरक्षित असा हिशेब झाला असता. जेवढे घ्यायचे तेवढे एकाच ताग्यातून एकाच वेळी घ्या. पंधरा दिवसांनी त्याच दुकानातून त्याच नावाने आणलेल्या कापडाची छटा जुळेलच असे नाही. पट्टे कात्रीने कापण्याआधी एक टोक आडवे फाडून घ्या, म्हणजे धागा सरळ कुठे आहे ते कळते. तिरक्या धाग्यावर कापलेले मोठे चौकोन कालांतराने ओघळतात आणि गोधडीची कड लाटेसारखी होते.

तुम्ही आणलेले पांढरे केंब्रिकही वाया जाणार नाही. फिक्या जमिनीखाली गडद जुनेराचा थर आला तर त्याचे काठ आणि बुट्ट्या वरून सावलीसारख्या दिसतात. त्यासाठी जमिनीच्या लगेच खाली एक उजळ, अखंड थर हवा असतो, आणि साडेचार मीटर केंब्रिकचे दोन समान भाग करून लांबीने जोडले तर धुऊन आटल्यावरही ते या गोधडीला पुरते. त्याचा शुभ्रपणा तिथे उपकारकच ठरेल. ते चहात बुडवून पिवळे करण्याचा सल्ला तुम्हाला कुणी देईल. चहाचा रंग सारखा चढत नाही आणि धुण्यागणिक उतरत जातो, म्हणून गोधडीसाठी मी तो मार्ग घेत नाही. लहान तुकडे शिवताना शिवणीची कड नेहमी गडद तुकड्याच्या बाजूला वळवून इस्त्री करा, नाहीतर तीही सदऱ्यांच्या कापडातून दिसेल.

धावदोऱ्याचा रंगही जमिनीवरूनच ठरवा, कारण टाके जिथे खरोखर दिसतात ते मोठे साधे चौकोनच आहेत. मोतिया जमिनीवर मोतिया दोरा घातला तर टाक्यांची फक्त उठावदार सुरकुती दिसेल. आमसुली दोरा घातला तर प्रत्येक टाका दिसेल आणि गोधडी अधिक जिवंत वाटेल. टाके सारखे पडण्याची सवय असेल तर मी दुसरा पर्याय सुचवेन. एका चौकोनावर दोन्ही दोऱ्यांची एकेक ओळ घालून, गोधडी भिंतीवर टांगून, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहा आणि मग ठरवा.

उरलेले नवे कापड बाजूला काढा, पण ते कपाटात ठेवू नका. गोधडी जेव्हा जेव्हा धुवाल तेव्हा तेही तिच्याबरोबर धुवा आणि उन्हात वाळवा. आठ-दहा वर्षांनी एखादा चौकोन फाटेल तेव्हा ठिगळाला लागणारे कापड गोधडीइतकेच विटलेले हवे, आणि ते बाजारात कुठेही मिळत नाही.